खिडक्या नसलेली कवटी

१

"हा खरंच मेलाय, की मेल्याचं सोंग घेऊन पडलाय?"

विचारलं मी, पण पैज माझ्या मैत्रिणींची, अंतरा आणि क्लोईची. कॉलेजच्या छोट्याशा म्युझियमचा ओपन डे होता. वीस-पंचवीस माणसं, त्यातली निम्मी आमच्या न्यू जर्सीतल्या आयसेलिन-एडिसनची, आणि समोर क्युरेटर डॉ. हार्लन एक लांबरुंद खण उघडून उभ्या. खणात कापूस भरलेले, पायाला लेबल बांधलेले, उंदराएवढे पाच ओपॉसम, कांगारूसारखेच पिशवीवाल्या कुळातले, ओळीने आडवे. "विचारलंस तर महिनाभर तुझा बोबा टी आमच्याकडून," अंतरा माझ्या कानात पुटपुटली. मागच्या वर्षीची मी असते तर तिच्याच पाठीमागे लपले असते. पण या वर्षी मी डिबेटमध्ये दोन सीनिअर मुलांची बोलती बंद केलीय आणि माझ्या खिशात एकवीस दिवसांपूर्वी मिळालेलं ड्रायव्हिंग लायसन्स आहे. टाकलं विचारून.

सगळे हसले. डॉ. हार्लन सोडून.

"चांगला प्रश्न," त्या म्हणाल्या. (त्या बोलतात इंग्रजीत, मी सांगणार मराठीत.) "सोंग घेतो तो आपल्याकडचा मोठा ओपॉसम, तुमच्या कचऱ्याच्या पिंपापाशी येतो तो. हे त्याचे दक्षिण अमेरिकेतले पिटुकले चुलतभाऊ. यांच्या माद्यांना पोटाला पिशवीसुद्धा नसते. आणि हे नक्की मेलेत. कारण यांची डोकी मी वेगळ्या बाटल्यांत ठेवलीत."

आता सगळे डॉ. हार्लनच्या बाजूने हसले. क्लोईने माझ्या पाठीत गुद्दा घातला.

"नाव काय तुझं? अनिका? ये पुढे." त्यांनी बाजूच्या ट्रेमधली बुचाची छोटी बाटली उचलली. आत दुहेरी शेंगदाण्याच्या टरफलाएवढी कवटी. "हा चारशे सतरा नंबर. पॅराग्वेमधून आलेला. याचं आडनाव ग्रॅसिलिनानस. याच्यासारखेच दिसणारे दुसरे आहेत, क्रिप्टोनानस, म्हणजे 'लपलेला बुटका'. वीसेक वर्षांपूर्वीपर्यंत दोघांचं आडनाव एकच होतं. मग कुणीतरी त्यांच्या तोंडात नीट वाकून पाहिलं. ग्रॅसिलिनानसच्या टाळूला मोठ्या भोकांच्या बाजूला दोन बारीक खिडक्या असतात. क्रिप्टोनानसला नसतात. झालं, आडनावं वेगळी, ट्रे वेगळे. बाटली उघडायची नाही, काचेतूनच बघ."

मी भिंग धरलं. पुरावा हवा म्हणून भिंगावर फोन टेकवून फोटोही काढला. मोठी भोकं दिसली. त्यांच्या बाजूला गुळगुळीत हाड.

"खिडक्या नाहीयेत."

"असतात. नीट बघ."

"नीटच बघतेय. नाहीयेत."

डॉ. हार्लननी भिंग घेतलं. बाटली फिरवली, पुन्हा फिरवली. मग ती हळूच ट्रेमध्ये ठेवली आणि खण बंद केला.

"मंडळी, आजचा कार्यक्रम इथेच संपला," त्या म्हणाल्या. "ही आमची कवटी नाही."

२

लोक गेले. अंतरा आणि क्लोई पार्किंगमध्ये थांबल्या. मला कुणी 'जा' म्हटलं नाही, म्हणून मी गेले नाही.

खोलीत डॉ. हार्लन होत्या आणि चंद्रशेखर काका होते. काका आमच्या मराठी मंडळातले सगळ्यांचे काका. मूळ नागपूरचे, चाळीस वर्षं न्यू जर्सीत भूल देणारे डॉक्टर, आता सत्त्याहत्तरचे. दर बुधवारी आणि शनिवारी ते म्युझियममध्ये फुकट काम करतात. काम एकच, पण फार बारीक. प्रत्येक बाटलीवर नंबर असतो आणि आतल्या हाडावरही शाईने तोच नंबर लिहिलेला असतो. काका भिंगाने दोन्ही वाचतात, जुळले की यादीवर सही करतात.

"क्रिप्टोनानसचा ट्रे मोजा," डॉ. हार्लन म्हणाल्या. "तिथली एखादी इकडे आली असेल."

काकांनी मोजल्या. आठ असायला हव्यात, आठच होत्या. आठही नंबरासकट.

मला काही राहवेना. "म्हणजे एक कवटी गेली, पण दुसरीकडून कुठूनच एक कमी झाली नाही? मग ही आली कुठून? चोर वस्तू घेऊन जातो, देऊन कसा जाईल?"

डॉ. हार्लननी माझ्याकडे पाहिलं, पण उत्तर काकांना दिलं. "चंद्रा, बुधवारी पाचही कवट्यांचे नंबर वाचल्याची तुमची सही आहे. या कवटीवर नंबरच नाही."

"मी वाचला होता," काका म्हणाले.

"कुणी बाटली बाहेर नेली असती तर तिच्या जागी गुलाबी चिठ्ठी असती."

तो तिथला नियम. बाटली नेली की त्या जागी आपल्या नावाची गुलाबी चिठ्ठी ठेवायची. बाटली परत आली की चिठ्ठी फाडायची. ट्रेमध्ये चिठ्ठी नव्हती. बाटल्या पाच होत्या. म्हणजे बुधवारनंतर कुणी ट्रेला हात लावलाच नव्हता.

काकांनी यादीवरच्या आपल्या सहीवर बोट ठेवलं. "वाचला होता," ते पुन्हा म्हणाले. आणि मग, "वाचला असं वाटतंय."

डॉ. हार्लननी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. "उद्या दुपारी मी येऊन रिपोर्ट लिहीन, सोमवारी कॉलेजला द्यावा लागेल. तुम्ही थोडे दिवस विश्रांती घ्या."

पार्किंगमध्ये काका गाडीला टेकून उभे राहिले.

"अमेय दोन वर्षं मागं लागलाय," ते म्हणाले. अमेय त्यांचा मुलगा, तिकडे कॅलिफोर्नियात फ्रीमाँटला असतो. "घर विका, इकडे या, आता एकटं राहायचं वय नाही. मी म्हणायचो, अरे बाप्पा, मी दर आठवड्याला शंभर नंबर वाचतो, एक चुकत नाही. आता काय सांगू त्याला?"

"काका, पण तुम्ही वाचला होतात ना?"

"तेच तर, बेटा. मला तो नंबर डोळ्यांसमोर दिसतोय. पण तो या बुधवारचा की मागच्या, हे नाही सांगता येत." त्यांनी खिशातून म्युझियमची किल्ली काढून पाहिली. "उद्या ही देऊन टाकतो. आणि अमेयला हो म्हणतो."

ते गाडीत बसले. अंतरा धावत आली. "काय झालं? सांग ना यार!"

"चोरी," मी म्हणाले. "आणि मी ती उद्या दुपारच्या आत सोडवणारेय."

"तू? कशी?"

ते मात्र मला तेव्हा माहीत नव्हतं.

३

रविवारी सकाळी नऊला मी आईची गाडी घेऊन काकांच्या दारात. वसुधा काकूंनी दार उघडलं.

"एवढ्या सकाळी? आणि स्वतः ड्राइव्ह करून? आईला सांगितलंस का?"

"सांगितलं काकू. तिने तीनदा सीटबेल्ट तपासला."

काका डायनिंग टेबलाशी बसले होते. समोर किल्ली. मी वही काढली. वही काढली की माणसं खरं बोलतात, असं मला उगीचच वाटतं.

"काका, बुधवारचं सगळं सांगा. अगदी फालतू वाटेल तेही."

"काय सांगू? साडेदहाला गेलो. ट्रे काढला. एकेक बाटली उघडली, नंबर वाचला."

"चारशे सतराचा नंबर कसा दिसतो?"

"सातच्या पायाशी शाई पसरलीय. एक वाटतो आधी. मी दरवेळी दुसरं भिंग घेतो त्याच्यासाठी. या बुधवारीही..." ते थांबले. "दुसरं भिंग सापडेना. तुझ्या काकूच्या डब्याच्या पिशवीत गेलं होतं, लाडवांना चिकटून."

"काका! मग तो याच बुधवारचा ना? लाडू दर आठवड्याला असतात का?"

"छे गं," काकू स्वयंपाकघरातून म्हणाल्या. "लाडू याच आठवड्यात केले. त्या वल्लरीसाठी. पीएचडी करते बघ तिथं, पुण्याची. शुक्रवारी पॅराग्वेला निघायची होती, जंगलात महिनाभर कोण तिला खायला घालणार? म्हटलं, आधी थोडं पोटात जाऊ दे. स्टीलचा डबा दिलाय, सासूबाईंच्या नावाचा. तेवढा परत आला म्हणजे मिळवली."

मी वहीत लिहिलं: काका बरोबर आहेत. भिंगाला लाडू.

म्हणजे बुधवारी सकाळी खरी कवटी ट्रेमध्ये होती. पण माझं म्हणणं कोण ऐकणार? साक्षीदार कोण, तर लाडू.

"काका, बुधवारनंतर त्या खोलीत कोण कोण जाऊ शकतं?"

"किल्ल्या चार. माझी, डॉ. हार्लनची, वल्लरीची, आणि स्कॅनरवाल्या सत्यजितची." त्यांनी समोरची किल्ली उलटी करून ठेवली. मग हळूच म्हणाले, "अनिका, उगीच पोरांवर आळ घेऊ नको हं. त्यांचं सगळं आयुष्य पुढं आहे. माझी चूक निघाली तर निघाली."

पण मी निघाले होतेच.

४

पीएचडीची मुलं रविवारी कुठे असतात? लॅबमध्ये. सत्यजितदादा तळघरात स्कॅनरशेजारी पाय वर करून नूडल्स खात बसला होता.

"तू कालची फेमस मुलगी ना? मेल्याचं सोंगवाली?"

"हो. दादा, मला दहा मिनिटं देशील?"

"नूडल्स संपेपर्यंत."

त्याचं काम असं: लोक कवट्या आणतात, तो त्या फोममध्ये बसवून प्लॅस्टिकच्या नळीत घालतो आणि मशीनमध्ये स्कॅन करतो. शेल्फवर बंद नळ्यांची रांग होती. त्याच्या वर दुसरी रांग, पांढऱ्याशुभ्र कवट्यांची. वटवाघूळ, खार, काय काय.

"या खऱ्या?"

"प्रिंट आहेत. स्कॅन केलं की प्रिंटरवर छापता येतात. ती खार बघ, मस्त आलीय. बारीक कामाला मात्र हे छापणारं मशीन गंडतं. सुईच्या टोकाएवढी भोकं असली की बुजवून टाकतं. त्याला वाटतं, आपलीच काहीतरी चूक झालीय."

"वल्लरीताईने या आठवड्यात काही आणलं होतं?"

"वल्लरी रोजच काहीतरी आणते. त्या नळ्यांपैकी पाच तिच्या आहेत. फोममुळे आतलं दिसत नाही आणि ज्याची नळी त्यानेच उघडायची, हा माझा नियम. गुरुवारी रात्रीपर्यंत इथेच होती, मग एअरपोर्टला पळाली. फोन करून बघ, लागणार नाही. मंगळवारपर्यंत रेंज नाही तिथं."

तो नूडल्सच्या तळाशी पोचला होता. मी घाईने विचारलं, "ताई नक्की काय शोधतेय?"

"तुला नाही माहीत?" त्याने काटा खाली ठेवला. "तिचं म्हणणं, चारशे सतराचं आडनाव चुकलंय. तो क्रिप्टोनानस आहे. सगळ्यांत जुनं लेबल कुणीतरी घाईत लावलं, असं. अख्खा पेपर लिहायचाय तिला त्याच्यावर. डॉ. हार्लन म्हणतात, खिडक्या आहेत ना, मग विषय संपला. ही म्हणते, त्या खिडक्या नव्हेतच, हाड तेवढं फुटलंय. दोघींचं महिनाभर वाजतंय त्यावरून."

मी वहीत दोनच ओळी लिहिल्या.

खिडक्या असतील तर वल्लरीताई चूक. खिडक्या नसतील तर बरोबर. आणि आता ट्रेमध्ये खिडक्या नसलेली कवटी होती.

५

मी गाडीत बसून राहिले. इंजिन बंद, काचा बंद.

वल्लरीताई मला आवडते. मराठी शाळेत ती आम्हाला दोन महिने शिकवायला आली होती. जोडाक्षरं शिकवताना तिने फळ्यावर वटवाघूळ काढलं आणि ते उलटं लटकवलं. काकांना सोडवायचं तर तिला अडकवायचं, असा सगळा मामला झाला होता. काका 'आळ घेऊ नको' म्हणाले ते मला आता कळलं. त्यांनाही हे सुचलं असणार. म्हणून ते आपल्या डोक्यावर घेऊन बसले होते.

मी अंतराला फोन केला.

"सोड ना," ती म्हणाली. "सोमवारी मोठी माणसं बघतील."

"सोमवारपर्यंत काका किल्ली देऊन बसतील. आणि अमेयदादाला हो म्हणतील. मग ते परत घेता येत नाही, अंतरा. घर विकलं की विकलं."

"मग पुरावा काय आहे तुझ्याकडे?"

पुरावा. माझ्याकडे एकच होता. कालचा फोटो, तोही पैजेसाठी काढलेला. मी तो उघडला आणि बोटांनी मोठा करत गेले. टाळू. मोठी भोकं. बाजूला गुळगुळीत, खिडक्या नसलेला भाग.

गुळगुळीत? नाही. आणखी मोठा केला. त्यावर बारीक, समांतर रेघा होत्या. एकीवर एक, सारख्या अंतरावर, पायऱ्या-पायऱ्यांसारख्या.

हाडाला अशा रेघा नसतात. पण मी त्या पाहिल्या होत्या. आत्ताच. खारीच्या डोक्यावर.

"अंतरा," मी म्हणाले, "ती कवटी दुसऱ्या प्राण्याची नाहीये. ती कवटीच नाहीये."

"म्हणजे?"

"छापलेली आहे! म्हणून कुठल्याच ट्रेमधून कमी नाही झाली. आणि खिडक्या नाहीत कारण मशीनने बुजवल्यात. ती चारशे सतराचीच कॉपी आहे!"

"पण पांढरी नव्हती ना ती. पिवळट होती."

बरोबर. कुणीतरी ती रंगवली होती. गंमत म्हणून? की फसवायला? आणि गुलाबी चिठ्ठी का नव्हती?

विचार करून बघा. समजा, 'खिडक्या नाहीत' असं आपल्याला खोटंच दाखवायचंय, आणि त्या विषयातली सगळी माणसं आपल्याला ओळखतात. मग आपण नंबर नसलेली, रेघांची कॉपी ठेवू का? डॉ. हार्लन कधीतरी बूच उघडणारच. एवढी कच्ची फसवणूक वल्लरीताई करेल? ती तर वटवाघळाच्या पंखातली बोटंसुद्धा मोजून काढते.

म्हणजे फसवायचं नव्हतंच. मग ती बाटली ट्रेमध्ये ठेवली कुणी?

म्युझियमच्या दारात डॉ. हार्लनची निळी गाडी येऊन थांबली. तिच्यामागोमाग काकांची. काका उतरले, तेव्हा किल्ली त्यांच्या मुठीतच होती.

६

"डॉ. हार्लन, फक्त पाच मिनिटं. रिपोर्टच्या आधी."

त्या दमलेल्या दिसत होत्या, पण खुर्ची दिली. काका दाराशीच उभे राहिले. मी फोटो दाखवला. रेघा दाखवल्या. डॉ. हार्लननी चष्मा वर सरकवला, मग काही न बोलता खण उघडला, बाटलीचं बूच काढलं आणि कवटी तळहातावर घेतली. नखाने हलकेच टकटक केली. नाकाशी नेली.

"चहा," त्या म्हणाल्या. "हिला चहाचा वास येतोय. कुणीतरी चहात बुडवून रंगवलीय." त्या खुर्चीत बसल्या. "मी पस्तीस वर्षं हे करतेय. टाळूला खिडक्या नाहीत हे दिसलं, की माझ्या डोक्यात लगेच आडनाव येतं. हाड आहे का, हा प्रश्नच येत नाही. पण अनिका, हे वल्लरीचं काम असेल तर ते फार वाईट आहे."

"तिचंच आहे. पण तिने ट्रेमध्ये नाही ठेवलं. काल ओपन डे होता. शुक्रवारी खोली कुणी आवरली?"

"मीच. चंद्राचं टेबल, माझं टेबल, खिडकीतली रोपं."

"काकांच्या टेबलावर काय काय होतं?"

"नेहमीचं. कप, स्वेटर, एक रिकामा जेवणाचा डबा. या खोलीत खाण्याच्या वस्तू चालत नाहीत, म्हणून मी तो बाहेर पँट्रीत ठेवला."

मी उठूनच उभी राहिले. "रिकामा? उघडून पाहिलात?"

"कुणाचा डबा मी का उघडेन? हलका होता. परत आलेला डबा रिकामाच असतो ना?"

मी काकांकडे पाहिलं. काकांनी माझ्याकडे. काकांच्या भुवया पहिल्यांदा वर गेल्या.

"आमच्यात नसतो," मी म्हणाले. "आमच्यात कुणाचा डबा रिकामा परत करत नाहीत. काहीच नसलं तर चिमूटभर साखर घालतात. पुण्याची मुलगी वसुधा काकूंच्या सासूबाईंचा डबा रिकामा पाठवेल? शक्यच नाही."

आम्ही तिघं पँट्रीत गेलो. कॉफीच्या मशीनमागे स्टीलचा डबा होता, झाकणावर कोरलेलं नाव. काकांनी झाकण उघडलं. आत कँटीनमधल्या साखरेच्या दोन पुड्या आणि घडी घातलेला कागद. काकांनी तो मोठ्याने वाचला, मी डॉ. हार्लनना इंग्रजीत सांगत गेले.

"काकू, लाडू विमानतळापर्यंतही पोचले नाहीत. डबा रिकामा देववेना, म्हणून कँटीनची साखर गोड मानून घ्या. काका, शेजारच्या बाटलीतली कवटी तुमच्यासाठी. चारशे सतराचा प्रिंट आहे, चहात बुडवून म्हातारा केलाय. दुसरी बाटली मिळाली नाही म्हणून त्याच्याच बाटलीत घातला, घरी नेताना बाटली ठेवून जा. खरी कवटी माझ्या तिसऱ्या नळीत आहे, आल्यावर काढते. ट्रेमध्ये चिठ्ठी ठेवलीय. आणि हो, खिडक्या आहेत. स्कॅनमध्ये लख्ख दिसल्या. मी हरले. डॉ. हार्लनना मीच सांगेन, तोवर तुम्ही हसू नका. वल्लरी."

काकांनी कागदाची पुन्हा घडी घातली. मग डॉ. हार्लननी हळूहळू स्वतःच्या कपाळावर हात मारला. अगदी आमच्या आजीसारखा.

"टेबलावर बाटली होती," त्या म्हणाल्या. "डब्याच्या शेजारी. तिच्यावर चारशे सतरा लिहिलेलं. मी म्हटलं, कुणीतरी विसरलंय. ट्रेमध्ये गुलाबी चिठ्ठी होती. मी चिठ्ठी काढली, बाटली ठेवली, चिठ्ठी फाडली. दिवसातून दहा वेळा करते मी हे. मला आठवलंसुद्धा नाही." त्या काकांकडे वळल्या. "चंद्रा, विसरले ती मी. आणि विश्रांती घ्यायला सांगितली तुम्हाला."

सत्यजितदादा नियमाविरुद्ध नळी उघडायला तयार नव्हता. डॉ. हार्लननी नुसतं त्याच्याकडे बघितलं, तेव्हा झाला. फोममधून कवटी निघाली. काकांनी भिंग लावलं.

"चारशे सतरा," ते म्हणाले. "सातच्या पायाशी शाई." आणि मग भिंग खाली न घेताच, "आहे बाप्पा. डोकं आहे अजून जागेवर."

ते डोळे पुसत होते, म्हणून मी शेल्फवरच्या खारीकडे बघत राहिले.

७

किल्ली दिली गेली नाही. अमेयदादाला फोन मात्र काकांनी तिथूनच लावला. "थँक्सगिव्हिंगला येतो फ्रीमाँटला," असं म्हणाले, "आणि रविवारी परत. बुधवारी मला काम असतं."

फोन ठेवून ते डॉ. हार्लनना म्हणाले, "पण एक ऐका. आज तुम्ही विसरलात, उद्या मी विसरेन. वय झालंय हे काही खोटं नाही. ऑपरेशन थिएटरमध्ये एकटा माणूस कधी मोजत नाही. एक मोजतो, दुसरा ऐकतो, दोघं सही करतात. इथंही तसं हवं."

"माझ्याकडे माणसं नाहीत, चंद्रा. बुधवारी मी बसेन तुमच्याबरोबर. पण शनिवारी सकाळी फुकट येऊन हाडांवरचे नंबर कोण वाचणार?"

दोघांपैकी कुणीही माझ्याकडे पाहिलं नाही. हे मुद्दाम सांगतेय, कारण बाबांना नंतर तसं वाटलं.

मी घरी पोचले तेव्हा जेवणं व्हायची होती. बाबा, म्हणजे रवींद्र कुलकर्णी, आईच्या गाडीचा बंपर टॉर्चने तपासून आत आले. आई पोळ्या लाटत होती. माझं सगळं सांगून झालं. लाडू, चहा, खिडक्या, सगळं. आईचा लाटण्यावरचा हात मध्येच थांबला होता.

"बिचारे काका," ती म्हणाली. "एका रात्रीत किती खचले असतील."

"शाब्बास," बाबा म्हणाले. "कॉलेज-प्रवेशाच्या निबंधात घाल हे. बरं, त्या सॅट परीक्षेच्या क्लासचा मेल आलाय. शनिवारी सकाळची बॅच, पुढच्या आठवड्यापासून. मी फॉर्म भरतोय, तुझा सेल नंबर—"

"बाबा, थांबा."

मी लॅपटॉप त्यांच्या हातातून घेतला आणि मिटला. हे मी आयुष्यात पहिल्यांदा केलं. आई पोळपाट सोडून दारात आली.

"सॅटचा मी घरी अभ्यास करेन, आणि तुम्ही म्हणाल तेवढा करेन," मी म्हणाले. "पण शनिवारची बॅच मी घेत नाहीये. विचारत नाहीये, सांगतेय. शनिवारी सकाळी मी म्युझियममध्ये असेन. नंबर काका वाचतील, आणि दुसरी सही मी करणार."